तीन पूर्णांक आठ

तळ्यावरून आलेली बॅटरी
लगेच चार्जरला लावायची नाही, ओत्सो.
बाहेर उणे अठरा आहे.
आधी तिला घर कळू दे.
दोन तास इथेच, फरशीवर,
तुझ्या ओल्या मोज्यांपासून लांब.
तोवर मला कॉफी. तुला दूध.

हे मी बोलत नाही, ताइस्तो बोलतो,
तुलाही ठाऊक आहे.
चव्वेचाळीस वर्षं मी कागदाच्या गिरणीत रिळं मोजली,
मला खेळण्यातल्या मोटारींचं काय!
"खेळण्यातल्या नव्हेत, तेल्लेर्वो,"
दर वेळी तेवढंच म्हणायचा,
भुवईसुद्धा न हलवता.

आता मीच न्हाणीघरातले टॉवेल उचलते,
लाकडी पाट बाहेर काढते,
चार्जर नुसत्या टाइलवर ठेवते.
आधी जाड वायर, मग ती पांढऱ्या टोकाची बारीक.
बारीक विसरलास
तर एक सेल खाऊन खाऊन फुटायला येईल
आणि शेजारचा तसाच उपाशी.
पाच हजारांची बॅटरी, पाच अँपियर.
सात केलेस तर लवकर होईल, होईल ना.
लवकर तर पेटलेलं घरही तापतं.

आणि सोडून जायचं नाही.
दूध तापत ठेवून कुणी तळ्यावर जातं का?
तो या स्टुलावर बसून शब्दकोडी सोडवायचा.
आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला
मी टेबलाशी एकटी जेवले, दार उघडं टाकून,
आणि तो आतून विचारत होता,
बटाटे शिजलेत का नीट?

डबा मी डिसेंबरात उघडला.
सैन्यातला जुना, हिरवा, पत्र्याचा;
झाकणाचं रबर त्यानेच ओरबाडून काढलेलं,
धूर झालाच तर कोंडू नये म्हणून.
आत अकरा बॅटऱ्या.
प्रत्येकीवर कागदी पट्टी, त्याचं तिरकं अक्षर:
सेलमागे ३.८.
ना भरलेली, ना रिकामी.
बरेच दिवस ठेवायची असेल तर असंच ठेवतात.
अकराही पट्ट्यांवर एकच तारीख.

मंगळवार होता तो.
रात्री दीडपर्यंत चार्जर टीं टीं करत होता
आणि मी चिडून दार वाजवलं होतं,
अरे झोप आता, सकाळी सातला
गाडी येणार आहे तुला न्यायला!
"दोनच राहिल्यात," म्हणाला.

ती नको. ठेव खाली. हळू.
टम्म फुगलीये, दिसत नाही का?
दाबू नकोस, बोटानेसुद्धा नाही.
माहीत आहे मला, हिच्यावरच तो
कल्लावेसीच्या बर्फावर पहिला आला होता,
फोटो आहे, त्यात तूही आहेस, नाक लाल.
एकदाच लावून बघू, म्हणतोस.
नाही.
रडायचं तर रड, पण लांब उभा राहून.

मग टोकांना चिकटपट्टी, लोखंडी बादली, वाळू,
बादली ढकलघसरगाडीच्या खुर्चीवर, माणसासारखी,
आणि आम्ही दोघं मागे, पाळीपाळीने ढकलत
पेट्रोलपंपामागच्या जमा केंद्रापर्यंत.
बंद. रविवार.
तीन किलोमीटर गेलो तेव्हा आठवलं नाही एकालाही.
ओत्सो हसायला लागला, मग मीही,
बादली तेवढी गंभीर.

रात्री ती शेडमध्ये ठेवली,
सिमेंटवर, लाकडाच्या ढिगापासून दूर.
दोनदा उठले. खिडकीशी गेले.
काही नव्हतं.
अंधार होता, वाळू होती,
आणि वाळूत त्याचं अक्षर.

सोमवारी देऊन आले. मुलीने पावतीसुद्धा दिली नाही.

उरलेल्या दहा तशाच आहेत डब्यात.
दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटर लावून बघते:
३.८, ३.८, एक ३.७९.
भरल्या नाहीत. उतरवल्याही नाहीत.

तू शनिवारी ये.
तुझीच बॅटरी आण.
आणि कोरडे मोजे.